विमान उतरलं का जाजो

बाबारावांचं घर सोनेगावला, विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी तिथं घर बांधलं तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली, आणि मुंबईची मोठी जेट विमानं यायला लागल्यावर त्याच सगळ्यांना बाबारावांचा पुळका आला. रविवार उजाडला की महाल, सदर अशा शहरातल्या वस्त्यांतून माणसं हजर! काय, तर म्हणे विमान पाहायचं. गच्चीवर उभं राहिलं की विमानाचं पोट थेट डोक्यावरून जायचं, उडी मारली तर चाक हाती लागेल असं वाटायचं. पाहणाऱ्यांची मजा होते हो, पण खाली स्टोव्हपाशी त्यांच्या बायकोचा, सत्यवतीचा पिट्टा पडतो त्याचं काय?

त्या रविवारी सकाळी तिच्या माहेरच्या, बुटीबोरीच्या दूधवाल्याबरोबर तिच्या भावाचा निरोप आला. माय अंथरुणाला खिळली, अन्नपाणी सुटलं, तुझंच नाव घेते, आज ये.

सत्यवती नवऱ्याजवळ गेली. "मायले बरं नाई म्हणते. जाऊन येऊ का?"

निरोप एवढासा नव्हता, हे तिला कळत होतं. पण त्याहून जास्त बोलायला जीभच रेटेना.

"आजच?" बाबारावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आज शेठ येऊन राहिले ना वं! विमान उतरलं का जाजो. संध्याकाळची गाडी भेटते तुले."

शेठ म्हणजे चंपतराव. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान, आणि बाबाराव त्यांच्या नोकरीत. त्यांना नाही म्हणायची बाबारावांची काय बिशाद! दुपारी चंपतराव, त्यांच्या पत्नी सिंधूताई आणि पोरंटोरं असा सगळा लवाजमा गच्चीवर चढला. भजी झाली, चहा झाला, पुन्हा भजी झाली. विमानाचा पत्ता नाही.

"लेट दिसते," चंपतराव म्हणाले. "पण आलो तसे पाहूनच जाऊ."

मेलं विमान! एरवी दूध उतू जायच्या वेळी हटकून यायचं, मांडणीवरचे डबे थरथरवायचं. आजच त्याला काय धाड भरली होती? कपड्यांची पिशवी दारामागे भरून ठेवलेली, आणि सत्यवती आत-बाहेर, आत-बाहेर करत होती. दावणीला बांधलेल्या गाईगत झालं होतं तिचं. तिला विमानाचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि मुकाट्यानं भजी तळणाऱ्या स्वतःचाही आला.

ती गच्चीवर गेली. "अहो, गाडीची वेळ झाली," हळूच म्हणाली.

"थांब ना वं जराशी!" बाबाराव दबक्या आवाजात खेकसले.

ती खाली उतरली आणि तेवढ्यात घरघर सुरू झाली. बघता बघता भिंती हादरल्या. वर सिंधूताईंनी किंकाळी फोडली, पोरं ओरडली, आणि भलंमोठं विमान छपरालाच घासतं की काय असं वाटावं इतक्या खालून गेलं. सुटले एकदाची, असं म्हणून सत्यवतीनं पिशवी उचलली.

"बापरे बाप! केवढं खाली!" वरून चंपतराव ओरडले. "बाबाराव, आता उडतानाही पाहूनच जाऊ! एक चहा होऊन जाऊ द्या!"

"हो शेठ! सत्यवते, चहा ठेव वं!"

तिचा हात सवयीनं स्टोव्हकडे गेला. काडेपेटीही हातात आली. मग तिनं ती ओट्यावर आपटली आणि बाहेर पडली. पदर सावरायलाही थांबली नाही, रस्त्यापर्यंत पळत सुटली.

वर्धा रोडवर गाडी उभी होती. उभी म्हणजे काय, ड्रायव्हर खाली उतरलेला, कंडक्टर रस्त्यात, पॅसेंजरांच्या माना खिडक्यांबाहेर. सगळ्यांची तोंडं विमानतळाकडे.

"पाह्यलं का बाई?" कंडक्टर हरखून म्हणाला. "हात वर केला असता तं चाकाले लागला असता!"

"नाई पाह्यलं! मले नाई पाहाचं तुमचं विमान!" सत्यवती भर रस्त्यात किंचाळली. "माझी माय मरून राहिली, भाऊ! गाडी काढा!"

ड्रायव्हर चपापला आणि झटकन जागेवर चढला. कंडक्टरनं तिला हात देऊन वर घेतलं, एकाला उठवून जागा दिली, घंटी मारली. गाडी हलली तेव्हा तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"निरोप केव्हा आला, बाई?"

"सकाळी."

"मंग सकाळीच काहून नाई निघाली?"

सत्यवती पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडू लागली.