दुसरी नळी

बाटली आडवी केली तरी दही जागचं हललं नाही. कडेला सुटलेल्या पाण्याची केसाएवढी रेघ फक्त काचेवरून सरकली आणि थांबली. दुसऱ्या बाटलीतलं दूध मात्र थेट झाकणापर्यंत आलं.

"हे गोठलेलं रक्त आणि हे न गोठलेलं," समीक्षा म्हणाली. "पण मम्मी, दोन्ही पांढरंच आहे. राजदीप हसेल."

"हसू दे. त्याला कोणता प्राणी आलाय?"

"हत्ती. तो पुठ्ठ्याची सोंड लावून येणार आहे. आणि मला काय, तर घोणस!"

तिसरीच्या बाईंनी वर्गात प्राण्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. सोमवारी प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं होतं. समीक्षाने घरी येऊन चिठ्ठी दाखवली त्या गुरुवारपासून मेघाला धड झोप नव्हती. रावेरजवळच्या एका दवाखान्यात ती अकरा वर्षं रक्त तपासत होती. लेकीला हे सगळं तिच्याइतकं नीट कोण शिकवणार?

दारात बसून द्रौपदाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मेघा कामावर गेली की समीक्षा त्यांच्याकडेच असे. आज रविवार, तरी त्या आल्या होत्या.

"सापाले दूध पाजतेत हे आयकलं व्हतं," त्या हसल्या. "बाटलीत भरून दाखोतेत हे नवीनच आयकू राह्यली."

"साप दूध पीत नाही, अक्का! मम्मीने सांगितलंय."

"बरं व माय, नही पेत. तू सांग फुडचं."

समीक्षा पाय जुळवून उभी राहिली. "घोणस केळीच्या वाळलेल्या पानांत दिसत नाही. ती चावली की लगेच दवाखान्यात जायचं. तिथे काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतात. वीस मिनिटं हलवत नाहीत. मग नळी वाकडी करतात. रक्त वाहिलं, तर विष आहे. नाही वाहिलं, तरी..." तिने कागदात डोकावून पाहिलं. "तरी तासाने पुन्हा नवीन रक्त घेतात. कारण विष कधी कधी उशिरा काम करतं."

तिने दह्याची बाटली पुन्हा उचलली आणि आडवी केली. "बघा! दुसऱ्यांदाही गोठलंय!"

"समीक्षा, ती तीच बाटली आहे."

"मग काय झालं? सारखीच तर दिसते. कोणाला कळणार आहे?"

मेघाने दुधाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, द्रौपदाबाईंचे यजमान वना सावद्याकडच्या एका बागेतून दवाखान्यात आले होते. घड कापताना पायाला काहीतरी चावलं होतं. काय ते दिसलं नव्हतं. पहिल्या नळीतलं रक्त गोठलं. तासाभराने डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, "मॅडम, दुसरी?" टेबलावर तापाच्या रुग्णांचे बारा नमुने पडून होते. मेघाने स्टँडमधली तीच नळी उचलून तिरकी केली. "गोठलंय, सर." वना तिला नमस्कार करून, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडले. पहाटे परत आणले तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

रजिस्टरमध्ये दोन नोंदी होत्या, तासाच्या अंतराने, दोन्ही तिच्या सुबक अक्षरात. कोणी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी ती द्रौपदाबाईंच्या घरी सांगायला गेली, आणि दोन वर्षांच्या समीक्षाला सांभाळाल का, एवढंच विचारून परत आली. त्यानंतर दर ऑक्टोबरात तिने ठरवलं. दर ऑक्टोबरात काहीतरी काम निघालं. दवाखान्यात आजही ती बघून झालेली नळी लगेच स्टँडमधून काढून टाके. तरी डोळे मिटले की ती एक नळी स्टँडमध्ये उभीच असे.

"बठ्ठं सांग शाळेत, काहीच सोडू नको," द्रौपदाबाई समीक्षाला म्हणत होत्या. शेंगांवरचा हात थांबला होता. "म्हंजी माह्यावानी कोनी आपल्या मानसाले घरी आननार नही. मीच म्हनलं व्हतं त्याईले, चाला घरी, इथी रातभर मच्छर चावतीन. त्याईले घरी आनलं नसतं, तं..."

हे वाक्य मेघाने सहा वर्षांत कितीदा तरी ऐकलं होतं. नेहमी याच ठिकाणी ती चहा टाकायला उठे.

"ताई, चहा नका टाकू आज," द्रौपदाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ऊन लय शे."

मेघा उठली नव्हतीच. तिने समीक्षाच्या हातातली बाटली घेतली आणि द्रौपदाबाईंच्या समोर, शेंगांच्या सुपाशेजारी, सरळ उभी ठेवली. दही हललं नाही.

"अक्का, तुमच्या म्हणण्यामुळे ते गेले नाहीत. दुसऱ्यांदा रक्त घेतलंच नव्हतं. मी पहिलीच नळी परत वाकडी केली आणि त्यांना घरी पाठवलं."