दंड कुणाच्या घरावर?

योस्त आणि टिनेके आमच्या गावात राहायला आले ते हॉलंडमधलं घर विकून. परत जायची वेळ आली तर जायचं कुठे, हा प्रश्न होताच. पण तो त्यांना सोडून सगळ्या गावाला पडला होता.

आमच्या या सवाई बेटावर गोरे लोक येतात, फोटो काढतात, उन्हानं सोलून निघतात आणि जातात. हे दोघं जाईनात. गावसभेनं त्यांना किनाऱ्याजवळचा जमिनीचा तुकडा दिला आणि सांगितलं, सहा महिने राहून बघा, मग कायमचं काय ते ठरवू. त्यांनी ते 'कायमचं' एवढंच ऐकलं असावं.

योस्तनं जन्मभर समुद्र अडवणारे सरकारी बांध तपासले. त्याचा मुलूख म्हणे समुद्राच्या पातळीखाली आहे. त्यामुळे जामिनावर सुटलेल्या इसमाकडे फौजदारानं बघावं तसा तो समुद्राकडे बघायचा. टिनेकेला मात्र सगळ्याचंच अप्रूप. फणसासारखं दिसणारं आमचं निरफणस झाडावरून धप्पकन पडलं तरी ती टाळ्या वाजवायची. दारात डुक्कर आलं तर त्याला 'सुप्रभात' म्हणायची. आम्ही दगड मारतो. गावातली निम्मी डुकरं तिच्याकडे वळली यात नवल नाही.

"माटाफेओदादा," ती मला म्हणाली, "आम्हाला देवानंच इथे ओढून आणलं."

"देवाची पसंती चांगली आहे, हे आम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

मी गावसभेचा वक्ता. कुणी चुकलं तर त्याला सभेत उभं करून उत्तम भाषेत झाडायचं, हे आमच्या घराण्याचं काम. माझ्या आजोबांनी झाडलेली माणसं म्हातारपणी त्यातली वाक्यं कौतुकानं म्हणून दाखवत.

आता गुन्ह्याकडे येतो. आमच्याकडे सूर्य बुडताना चर्चजवळच्या रिकाम्या गॅसच्या टाकीवर कांब हाणतात. त्यानंतर दुसरे ठोके पडेपर्यंत घरोघर प्रार्थना. त्या वेळात रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. माणसानं नाही, सायकलनं नाही. गावातले तरुण गडी रस्त्याच्या कडेनं उभे राहतात आणि कुणी दिसला की त्याला जागच्या जागी खाली बसवतात. आमच्या पाद्रीबुवांनी, एलिसारांनी, हे नव्या जोडप्याला समजावलं होतं. पण पाद्री माणूस, त्यांनी प्रार्थनेबद्दल पाऊण तास सांगितलं आणि रस्त्याबद्दल सांगायचं राहिलं. एरवी संध्याकाळी ही दोघं घरातच असायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या शनिवारी दुपारी त्यांचं सामान बोटीनं आलं. पलंग, शिवणयंत्र, टिनेकेच्या आईचं कपाट. सगळं धड. संध्याकाळी ठोके पडले आणि एकेका घरातून गाणं उठलं. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे खांबाखांबांतून दिवे आणि गाणारी माणसं दिसतात. टिनेकेचं मन इतकं भरून आलं की तिनं टोपी घातली, स्तोत्रांचं पुस्तक घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "योस्त, ऊठ. अख्खं गाव प्रार्थना करतंय आणि आपण दोघंच घरात काय बसलोय?"

आणि निघाली की दोघं, रस्त्याच्या मधोमध, गात.

गडी बघत राहिले. दारू पिऊन येणाऱ्याला कसं थांबवायचं हे त्यांना येतं. 'प्रभू माझा आधार' म्हणत येणाऱ्याला कसं थांबवायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. एकाच्या मनात आलं की मला विचारून यावं. पण त्यासाठी रस्त्यावरून चालावं लागलं असतं.

पहिल्या घरात ती दोघं वाकून शिरली. आता प्रार्थना मधेच तोडून पाहुण्याला हाकलणार कोण? चटई सरकवली. दोघांनी एक कडवं गायलं, सगळ्यांशी हात मिळवले आणि पुढच्या घरी गेली. असं करत करत पूर्ण वस्ती.

माझ्या घरीही आली. मी डोळे मिटून घेतले. दिसलंच नाही तर गुन्हा कसला? माझी बायको सिएनी हिनं मात्र डोळे उघडे ठेवून टिनेकेला आपल्याजवळ बसवून घेतलं.

सोमवारी सभा. विषय आधीच ठरलेला: सहा महिने झाले, यांना ठेवायचं की नाही. सकाळी सिएनी माझा सदरा झटकत म्हणाली, "आज काय बोलणार आहात?"

"नियम मोडलाय त्यांनी. शिक्षा ठरलेली आहे."

"काय ठरलीय?"

"एका डुकरिणीचा दंड. त्यांच्या कुटुंबावर."

"त्यांना कुटुंब कुठंय इथे?"

"नाही ना. दंड कुटुंबावर, म्हणजे गावातल्या सगळ्या भावकीवर बसतो. ज्याला कुटुंब नाही त्याला दंड करता येत नाही. त्याला गाव सोडायला सांगतात."

"म्हणजे चोराला दंड आणि स्तोत्र म्हणणाऱ्याला हद्दपारी," ती म्हणाली. "छान. आजोबांचं नाव काढाल."

सभेत आम्ही आपापल्या खांबाला टेकून बसलो. आवाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या आमच्या कडवट पेयाची, वाटी फिरली. गावप्रमुख सापोलूबाबा छताकडे बघत होते. बाकीचेही छताकडेच. शनिवारचं नाव कुणी काढेना, कारण काढणाऱ्याला पहिला प्रश्न आला असता: ती तुझ्याकडे आली तेव्हा तू काय केलंस? मला वाटलं, निभावलं. अशीच चुप्पी राहिली तर तुकडा मिळतोय त्यांना.

सापोलूबाबांनी रीत म्हणून विचारलं, "पाहुण्यांना काही बोलायचंय का?"

योस्त उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "शनिवारची संध्याकाळ आम्ही जन्मात विसरणार नाही." आणि त्यानं घराघराचे आभार मानायला सुरुवात केली. रस्त्याच्या क्रमानं. बांध तपासणारा माणूस, एकही दगड सुटला नाही. "चर्चचे डीकन इओआने यांनी आम्हाला शेजारी बसवलं. माटाफेओ तर इतके तल्लीन होते की त्यांनी डोळेच उघडले नाहीत. आणि सापोलूबाबांनी प्रार्थना चालू असताना आम्हाला उकडलेली केळी दिली."

सापोलूबाबांनी छतावरची नजर काढून माझ्यावर ठेवली.

इओआने आमच्यातला सर्वांत कडक. तो म्हणाला, "आता बोलून झालंच आहे, तर आता झाकता येणार नाही. ज्या घरांनी यांना आत घेतलं, त्या घरांना दंड. माझ्या घरालासुद्धा. प्रत्येकी मासळीच्या डब्यांचं एक खोकं."

"मान्य," सगळे म्हणाले. इतक्या चटकन की दुसऱ्या कुणाला दंड होतोय असं वाटावं.

"आणि हे दोघं?" इओआने म्हणाला. "यांना कुटुंब नाही. नियम काय सांगतो, माटाफेओ?"

नियम सांगायचं काम माझं. मी उठलो. टिनेके काहीच न कळून माझ्याकडे हसून बघत होती. एलिसाराबुवांनी तिच्या कानात दोन शब्द सांगितले आणि ते हसू जागच्या जागी थांबलं. तिनं योस्तचा हात धरला. विकलेलं घर तिला पहिल्यांदा आठवलं असावं.

बाहेर बायका जेवणाची तयारी करत होत्या. त्यांच्यात सिएनी खोकली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली की तिच्या खोकल्याचे प्रकार मला पाठ आहेत. हा सर्दीचा नव्हता.

"नियम असा," मी म्हणालो, "की दंड कुटुंबावर बसतो. या दोघांनी गावाची प्रार्थनेची वेळ मोडली. असला मूर्खपणा परक्या माणसाच्या हातून होत नाही. परका माणूस त्या वेळी घरात बसून पत्ते खेळतो. गावाला आपलं समजणाराच घराघरात शिरतो. तेव्हा ही आमच्याच घरची मूर्ख माणसं आहेत. डुकरीण माटाफेओच्या घरावर लावा."

"मोठी की मधली?" इओआनेनं विचारलं. कडक माणूस.

"मोठी," बाहेरून सिएनी म्हणाली. बायकांनी सभेत बोलायचं नसतं. पण ती सभेत नव्हतीच.

सापोलूबाबांनी मांडीवर हात आपटला. म्हणजे ठरलं. मग मला वक्त्याची जागा सोडून गुन्हेगारांच्या बाजूला जाऊन मान खाली घालावी लागली. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच. शेजारी ही दोघं.

"काय झालं?" टिनेकेनं विचारलं.

"तुम्हाला दंड झाला."

"म्हणजे जायचं?"

"जाणाऱ्याला दंड करत नाहीत, बाई. राहणाऱ्याला करतात."

तिला समजायला क्षणभर लागलं. मग ती दोन्ही हात तोंडावर दाबून हुंदके देऊ लागली, आणि मधूनच हसायची. बाहेरच्या बायकाही हसायला लागल्या. योस्त एवढा हर्षभरित झाला की परत आभार मानायला ताडकन उठला. मी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं.

"खाली बस. आमच्या घरातली धाकटी माणसं सभेत बोलत नाहीत."

योस्त माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तो मांडी घालून, मान खाली घालून बसला, आणि बायकोला कोपरानं ढोसून हळूच म्हणाला, "ऐकलंस? आपण धाकटे."