परखी लावलेलं औषध

मुरुडच्या बाजारात मल्लिनाथअप्पांनी परखी हातात घेतली की विकणाऱ्याचा चेहरा आधी उतरायचा, पोतं नंतर. टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा. वर सोनं आणि तळाला माती, असला माल चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या गळ्यात मारू शकला नव्हता. माणसंही ते तशीच जोखत. लातूरच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांनी पहिल्या भेटीतच पास केले: बोलतो कमी, गोड तर मुळीच बोलत नाही, म्हणजे माल बरा.

त्याच डॉक्टरांनी महादेवीला, अप्पांच्या बायकोला, नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. तिच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ होती आणि सलाइनमधल्या औषधांना रोग दाद देत नव्हता. ही कॅप्सूल नांदेडच्या एका प्रयोगशाळेत तयार झालेली. आत केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढे कण, त्या कणांत औषध, आणि सगळ्यावर एक लेप. चाचणीचं काम बघणारी पुनम हे समजावत होती तेव्हा अप्पा संमतीपत्राची पानं मोजत होते. चौदा भरली. महादेवीच्या सहीखाली आपलीही ठोकली.

घरी पहिली कॅप्सूल हातात घेतली आणि हात थांबला. न उघडता माल त्यांनी कधी दुकानात घेतला नव्हता, हा तर बायकोच्या पोटात जायचा होता. दोन्ही टोकं धरून पिरगाळली. तपकिरी भुकटी निघाली. जिभेला लावली, कडूजहर. अप्पांचं समाधान झालं. महादेवीला तसंही सगळं घशात अडकायचं. लिंगपूजा झाली की ती तीर्थ घेई, त्यातच भुकटी कालवून दिली. तिनं डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाली की, देवाचं आणि डाक्टरचं एकदमच उरकलं.

सत्तर दिवस असंच चाललं. चाचणीच्या वहीत रोजची वेळ लिहिलेली, एक खाडा नाही. पुनमनं ती वही दुसऱ्या रोग्यांना दाखवली, त्या दिवशी अप्पा मुरुडपर्यंत मिशीत हसत आले होते.

मग स्कॅन झालं. गाठ वाढली होती. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलेलं दिसत नाही, थांबवू. अप्पा बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी पुनम उमरीहून आलेल्या एका बाईला समजावत होती.

"मावशी, कॅप्सूल फोडायची न्हाई, अख्खी गिळायची. वरचा लेप मोठ्या आतड्यात गेल्यावरच विरघळतोय. आधीच उघडली तर औषध जठरातच नासतं, गाठीपर्यंत काही पोचत न्हाई."

अप्पांनी ते ऐकलं. थोडा वेळ आपल्या अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे बघत राहिले. मग उठून परत आत गेले.

"डाक्टर, मी फोडून देत होतो. रोज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कधीपासून, कशात, किती, सगळं विचारलं. अप्पांनी काही लपवलं नाही.

"म्हंजी तिला औषध मिळालंच न्हाई की. पहिल्यापासून धरा."

"धरता आलं असतं तर धरलं असतं, अप्पा. गाठ वाढली की चाचणीतून बाहेर, नियमच आहे."

तरी त्यांनी अप्पांसमोरच नांदेडला फोन लावला. तिकडूनही तेच उत्तर आलं. मग कागदावर 'औषध निरुपयोगी' लिहिलेलं खोडून त्यांनी 'चुकीच्या पद्धतीनं घेतलं' असं लिहिलं. औषधावरचा ठपका तेवढा निघाला. उरलेल्या सहा कॅप्सूल पुनमनं परत घेतल्या. सहाही बंद.

बसस्टँडवर महादेवीनं रिकामी पिशवी चाचपून बघितली. अप्पांनी अजून तिला काही सांगितलं नव्हतं.

"अवो, मग उद्या तीर्थात काय घालायचं?"

लातूर-मुरुड गाडी फलाटाला लागत होती. अप्पांनी तिचा दंड धरला.

"काही न्हाई," ते म्हणाले, "नुसतं तीर्थ घे."