दसऱ्याच्या दिवशी घेतलेलं वजन

मित्रांनो, मी दारव्ह्याच्या एका जुन्या जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, लोखंडी वजनकाटा. खाली चौकोनी पाट, मधे उभा खांब आणि वर पितळेची दांडी, एवढाच माझा पसारा. दांडी सरळ राहिली की वजन बरोबर, हे मला कळतं. पूर्वी मला वाटायचं, एवढं कळलं म्हणजे सगळं कळलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते जिनिंगचं अंगण. हंगामात सकाळपासून गाड्यांची रांग लागायची. कापसाची गाठोडी पाटावर पडली की माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघायची. त्यात आर्णी रस्त्यावरचे रामराव नावाचे शेतकरी होते. वजन झालं की ते माझ्या पाटाला हात लावून कपाळाला लावायचे. दसऱ्याला मालक मला कुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि त्या दिवशी माझ्यावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही असा त्या जिनिंगचा रिवाज होता. मी त्या दिवशी नवरदेवासारखा नुसता मिरवायचो.

पुढे जिनिंग बंद पडलं. यंत्रं गेली, मालक गेले, मला मात्र कुणी नेलं नाही. आठ वर्षं मी जिनिंगच्या गोदामात एकटा होतो. पाटावर धूळ साचली, तिचंही वजन मी मनातल्या मनात करायचो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग एक दिवस शटर वर गेलं आणि प्रेमसिंग सर आत आले. सर फौजेतून निवृत्त झालेले, तिथे बॉक्सिंग खेळलेले. त्यांनी गोदाम झाडलं, छताला वाळूच्या पिशव्या टांगल्या, जमिनीवर चार खांब रोवून दोऱ्यांचं रिंगण केलं. मला तेलपाणी केलं आणि दाराशी उभं केलं. आता माझ्या पाटावर मुलं उभी राहू लागली. कापसापेक्षा मुलं बरी. ती हलतात, हसतात, एका पायावर उभी राहून मला फसवायला बघतात.

सरांकडे एक लाल वही होती. कोण किती लढती खेळलं, कोण ठोसा येताना डोळे मिटतं, कोण दुसऱ्या फेरीत दमतं, सगळं तिच्यात लिहिलेलं असे. जोडी लावताना सर आधी माझ्यावर वजन घेत आणि मग ती वही उघडून बराच वेळ बसत. मला याचा राग यायचा. दोघांचं वजन सारखं आहे असं मी सांगितल्यावर आणखी वहीत काय शोधायचं?

पियुष नावाच्या मुलाने एकदा त्यांना तेच विचारलं. सर म्हणाले, "सारखं हारत राह्यलं त पोट्टं घरी बसते. सारखं जिंकत राह्यलं त शिकत नाई. त्याले थोडा वरचढ गडी लागते. थोडा, लय नाई."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. लोखंडाच्या डोक्यात गोष्टी उशिरा शिरतात.

रामरावांची मुलगी गुंजन याच सुमारास येऊ लागली. नववीत होती. आल्या आल्या ती आपलं दप्तर माझ्या दांडीला अडकवायची आणि सर रोज ओरडायचे, "दांडी वाकन ना, पोरी." मग ती पाटावर उभी राहून हळूच मला विचारायची, "सांग बरं, किती वाढली मी?" इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं ते एकटंच माणूस. ती पहिल्या दोन्ही लढती मिनिटभरात जिंकली. आर्णीच्या दोन नवख्या मुली होत्या त्या. पण गावात बोलबाला झाला आणि रामरावांची मान ताठ झाली. खरं सांगतो, माझीही झाली.

दसऱ्याला सरांनी गोदामात लढती ठेवल्या. यवतमाळहून एक पथक आलं. त्यात गुंजनच्या वयाची निकिता होती. सरांनी तिच्या शिक्षकांना विचारलं, "हिच्या किती लढती झाल्या?"

"सव्वीस. राज्यापर्यंत जाऊन आली."

सरांचा हात वहीच्या पिशवीकडे गेला. तेवढ्यात रामराव पुढे आले. "सर, काट्यावर उभं करा ना दोघींले. या काट्यानं मले कधी फसोलं नाई."

कुणीतरी आठवण करून दिली की दसऱ्याला या काट्यावर वजन ठेवत नाहीत. रामराव हसले. "पोरीचं वजन हाये, कापसाचं थोडंच हाये?"

आधी निकिता उभी राहिली, मग गुंजन. सेहेचाळीस आणि सेहेचाळीस. दांडी दोन्ही वेळा एकाच खुणेवर सरळ थांबली, जरासुद्धा थरथरली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बराबरीची जोडी हाये," असं दोन-तीन जण म्हणाले. सरांनी पिशवीवरचा हात काढून घेतला. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, आणि साऱ्या गावाचा माझ्यावर विश्वास. मित्रांनो, मी त्या क्षणी फार खूश होतो.

गुंजन नेहमीसारखी धावून गेली. तिचा एकही ठोसा लागला नाही. निकिताचे तीन लागले. निकिता दुष्ट नव्हती, तिला फक्त येत होतं. गुंजनच्या नाकातून रक्त आलं. दुसऱ्या फेरीत तिने हात खाली सोडले, डोळे गच्च मिटले आणि नुसती उभी राहिली. लढत थांबवायला सरांनी रिंगणात टॉवेल टाकला, पण उशिरा टाकला. निकितानेच जवळ येऊन तिच्या हातमोज्यांचे बंद सोडले.

रिवाज मोडला म्हणून असं झालं, असं मी म्हणत नाही. वही उघडली नाही म्हणून झालं.

गुंजन यायची बंद झाली. पंधरा दिवसांनी रामराव एकटेच आले. "घरात बसून राह्यते. म्हणते, मले काही येतच नाई. मीच म्हणलं होतं न, काट्यावर उभं करा म्हणून."

"तुमचं काय चुकलं?" सर म्हणाले. "शिकवणारा मी हावो. वही माह्याजवळ होती."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रामराव गेल्यावर सरांनी मला ढकलत कोपऱ्यात नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पाटीएवढा नवा इलेक्ट्रिक काटा आला. मुलं त्याच्यावर उभी राहू लागली. मला फक्त त्यांचे पाय वाजलेले ऐकू यायचे. त्यात मी एका पावलांचा आवाज शोधायचो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तो आला नाही. मी खोटं बोललो नव्हतो, तरी मला लाज वाटत होती, आणि ती सांगायला कुणी नव्हतं.

होळी झाल्यावर एका सकाळी रामरावांचा आवाज आला. त्यांच्यामागे ती पावलं होती.

"मी लढाले नाई आली," गुंजन म्हणाली. "बाबा म्हणे चाल, म्हणून आली."

सरांनी वही आणली आणि तिलाच वाचायला दिली. तिने अडखळत वाचलं, "गुंजन. दोन लढती. अजून मार खाल्लेला नाही. घाई करू नये. पुढची जोडी सुरभी."

"हे कधी लिवलं, सर?"

"दसऱ्याच्या दोन दिवस आधी. अन् त्या दिवशी मीच वाचलं नाई. तुले येत नाई असं नाई, पोरी. मी तुले चुकीच्या जागी उभं केलं."

मग हातमोज्यांचे बंद आवळल्याचा आवाज आला.

सरांकडेच शिकणारी सुरभी तिच्यापेक्षा तीन किलो जड. माझ्या हिशेबाने ती जोडीच नव्हती. पण सुरभीच्या पाचच लढती झाल्या होत्या. मी भिंतीकडे बघत ऐकत राहिलो. गुंजनला ठोसे लागले. तिनेही मारले. "डोळे उघडे ठेव," सर म्हणत होते, आणि तिसऱ्या फेरीत त्यांनी ते म्हणणं थांबवलं. शेवटी दोघी मुली धापा टाकत हसत होत्या. माझा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

"उद्या येशीन?" सरांनी विचारलं. हातमोज्यांचे बंद सुटल्याचा आवाज आला.

जाताना ती कोपऱ्यात आली. "याले कायले असं उभं केलं? त्याले जे इचारलं तेच त्यानं सांगतलं." असं म्हणून तिने मला दोन्ही हातांनी फिरवून सरळ केलं.

मित्रांनो, तुमच्यासमोर कुणाला उभं करायचं हे ठरेल तेव्हा काट्याला जरूर विचारा, पण एकट्या काट्याला विचारू नका. समोरचा किती लढला आहे आणि तुम्हाला अजून किती शिकायचं आहे, हे दांडीवर उमटत नाही. ते तुमच्याजवळ बसून कुणीतरी वहीत लिहावं लागतं, आणि वेळेवर वाचावंही लागतं.

आता माझ्यावर कुणी उभं राहत नाही. त्या लढतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दांडीला एक हिसका बसला. दप्तर होतं. सरांनी पाहिलं, पण या वेळी ते ओरडले नाहीत. त्या दप्तराचं वजन मला अजून पाठ आहे, पण ते मला कुणी विचारलेलं नाही.