विरजण लागेना

पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. वैशाखातलं खानदेशी ऊन, दुपारचे बारा, आणि काचेच्या बरणीत काल सकाळी काढलेलं म्हशीचं दूध. ना नासलेलं, ना आंबट. क्षीरनाथ बाबाने बरणी डोक्यावर धरली आणि गर्दीने हात जोडले.

"दूध नासतं ते कुणाचं? कलियुगाचं!" बाबा गरजला. "विरजण म्हणजे काय? दुधाचं मरण! उकळणं म्हणजे काय? दुधाचं सरण! ज्या गोठ्यात माझा अंगारा, त्या गोठ्यातलं दूध अमर!"

यमक जुळलं की आमच्या गावाला पटतंच. "बठ्ठं खरं शे, सगळं खरं शे!" म्हणत माझ्याच शाळेत शिकलेली माणसं अंगाऱ्याच्या पुड्यांसाठी रांगेत उभी. मी अभिमन मास्तर, चाळीसगाव तालुक्यातल्या या गावाला वीस वर्षं जंतू शिकवतोय. परीक्षेत उत्तर लिहून सगळे मोकळे झाले.

अंगारा रोज चिमूटभर सरकीच्या ढेपेत कालवून म्हशीला घालायचा. मग दगडी, म्हणजे कासेची सूज, होत नाही म्हणे. आणि खरंच होत नव्हती, हीच पंचाईत होती. माझी थोरली बहीण झुंबरबाई, माझी अक्का, चार म्हशी बाळगून आहे. दह्याचा तिचा धंदा जुना. तिच्या गोठ्यात वर्षभर अंगारा चालू होता, संक्रांतीनंतर तर दुप्पट.

मार्चमध्ये ती मला म्हणाली होती, "अभिमन, मनं दही लागस नही रे. तीस वरीस व्हयनात, असं कधी व्हयनं नही."

"विरजण बदल," मी हसून म्हणालो आणि पेपर तपासत बसलो. विज्ञानाचा मास्तर मी! त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. अक्काने बाबाला विचारलं, तर त्याने तिच्या घरात अमृत उतरल्याचं जाहीर केलं. तिने दही सोडलं आणि 'अमर दूध' विकायला घेतलं.

त्याच सुमारास तिची सून मोहिनी बाळंत झाली. बाबाचा हुकूम होता की अमर दूध उकळायचं नाही. म्हणून मोहिनीला रोज तांब्याभर कच्चं दूध. सव्वा महिना व्हायच्या आत तिला हुडहुडी भरून ताप आला. गावातल्या गोळ्या झाल्या, चाळीसगावची इंजेक्शनं झाली, ताप हटेना. शेवटी तिला धुळ्याला नेलं.

तिथे डॉक्टर अरिबा यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. "सर, मोहिनीच्या लघवीत आणि रक्तात जो जंतू सापडलाय, त्याच्यावर आम्ही एकेक औषध घालून पाहिलं. समोर आर असेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एस असेल तर देतो."

मी वरून खाली बोट फिरवत गेलो. आर. आर. आर. आर. अगदी तळाशी एक एस होता.

"एवढं एकच?"

"एकच. तेही मूत्रपिंडाला जड आहे, पण आमच्या हातात दुसरं काही नाही. घरी जनावरं आहेत का? त्यांना काही औषध चालू आहे?"

"औषध नही, ताई. अंगारा शे," मोहिनीचा नवरा कौतिक म्हणाला आणि तिच्या उशाखालची पुडी त्याने काढून दिली.

डॉक्टरांनी ती कागदावर उलटी केली. करड्या राखेत औषधाच्या भुकटीसारखे पिवळे कण चमकत होते. ते पाहिले आणि मला अक्काचं दही आठवलं. दही लावतात तेही जंतूच! दुधात उतरलेल्या औषधाने ते मेले, म्हणून दही लागेना.

"राखेत अँटिबायोटिक मिसळलेलं दिसतंय. जनावराला रोज थोडंथोडं औषध मिळालं की साधे जंतू मरतात," डॉक्टर म्हणाल्या. "निगरगट्ट तेवढे उरतात आणि वाढतात. शेणातून, हातांतून, कच्च्या दुधातून माणसात येतात. मोहिनीला तिथूनच आला असं शपथेवर सांगता येणार नाही. पण संशय दाट आहे."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. नाशिकला न्यावं, मुंबईला न्यावं, मनात किती गावं येऊन गेली. पण जंतू तोच राहणार होता आणि कागदही तोच. पळायला जागाच नव्हती. मला खरोखर भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मोहिनीला ते शेवटचं औषध सुरू झालं. तिच्याजवळ तिची आई थांबली आणि कौतिकला घेऊन मी सकाळीच गावात आलो. येताना चाळीसगावच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून जंतू मारणाऱ्या औषधाची थोडी पूड आणली होती. माझे म्हातारे शेजारी वनाआबा, त्यांच्या गाईला अंगारा कधीच मिळाला नव्हता. तिचं दूध पारावर सगळ्यांदेखत तापवलं, कोमट करून तीन वाडग्यांत ओतलं आणि तिन्हींत सारखंच विरजण घातलं. एकात चुलीतली राख टाकली. दुसऱ्यात बाबाने स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणत अंगारा टाकला. तिसऱ्यात मी डॉक्टरांची पूड टाकली आणि ढवळताना मोठ्याने सत्तावीसचा पाढा म्हटला. लोक हसले. बाबाही हसला.

उन्हं कलल्यावर झाकणं काढली. राखेच्या वाडग्यात दही घट्ट लागलं होतं. अंगाऱ्याच्या वाडग्यात दूध पातळच. तिसऱ्या वाडग्यातही पातळच.

"बघा!" मी ओरडलो. "सत्ताविसाच्या पाढ्यानेही दूध अमर झालं. आता मलाही महाराज म्हणा!"

बाबा झोळी उचलून निघाला. वनाआबांनी ती मागून ओढली, तसे आतले प्लास्टिकचे डबे पारावर गडगडले.

"आरे, हाई ते कोंबड्यासनं औषध शे!" आबा डब्यावरचं चित्र दाखवत म्हणाले.

अक्काने एक डबा उचलून वास घेतला. "म्हणजे मी मन्या हातघाई तिले..." मोहिनीला दुधाचा तांब्या देणारे हात ती पदराला पुसत राहिली.

बाबाला पोलिसांनी नेलं, गोठ्यागोठ्यांतला अंगारा बंद झाला. लोकांना वाटलं, सुटलो. सुटलो कसले? बाबा गेला, जंतू गोठ्यातच आहे. तिसऱ्या दिवशी मी पारावर चढून सांगितलं, "दूध उकळूनच प्या. शेणाचा हात धुतल्याशिवाय पोराला घेऊ नका. जनावर आजारी पडलं तर डॉक्टरांना बोलवा. ते सांगतील तेवढेच दिवस औषध द्या आणि ते सांगतील तितके दिवस त्याचं दूध कुणाला घालू नका. दही लागेना तर नमस्कार करू नका, कारण शोधा. मीही शोधलं नव्हतं."

सगळे माना डोलावत पांगले. कौतिक तेवढा थांबला. धुळ्याचा कागद त्याच्या खिशात घडी घालून होता. दोन दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मामा, राग येऊ देऊ नका," तो हळूच म्हणाला. "अंगारा बंद व्हयना आनि आमनी मोरी म्हैसले दगडी व्हयनी. मोहिनीले देतस ना, ते औषध तिले चाली का?"

मी त्याच्या खिशातला कागद काढला, उलगडला आणि त्याचं बोट धरून तळाशी टेकवलं.

"कौतिक, इथे एकच एस उरलाय. तोही गोठ्यात नेला तर त्याचा आर होईल. तो मोहिनीचा आहे."