टेबल सागाचं

नाथा पहिल्या एसटीने पेणहून रोह्याला आला, तिथून तरातरा चालत वरसे गावी लेकीच्या घरी, आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "हौसा, टेबल कुठं हाय?"

टेबल समोरच होतं. जावयाने, निकेशने, दिवाळीत पेणच्या रामवाडीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. जुनं कसलं, पॉलिश मारून नवरीसारखं नटवलेलं. अस्सल साग, असं दुकानदार म्हणाला होता.

"सागच असू दे रे देवा," म्हणत नाथा मटकन खाली बसला.

तीस वर्षं तो गावच्या उघाडीचा राखणदार. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीच्या आधी त्या परत बसवायच्या. शहाण्णवच्या भादव्यात, नेमक्या उधाणाच्या दिवशी, काढलेल्या फळ्या बांधावर ठेवून तो तापाने फणफणलेल्या बायकोला बघायला घरी गेला. घटकाभरच. परत येतो तर फळ्या गायब! खारं पाणी आत घुसलं, पोटरीला आलेलं भात जळालं. नाथानेच फळ्या विकल्या, असं गावाने ठरवलं आणि त्याला वाळीत टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! वर्ष उलटून गेलं, त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं की त्याच्या हातचं पाणी प्यालं नव्हतं. आवडी, त्याची बायको, गेली तेव्हा खांद्याला निकेश आणि त्याच्या कंपनीतले तिघे. एकेकटी भेटली तर सगळी भली माणसं. गाव म्हणून एकत्र बसली की काय होतं कोण जाणे.

आणि आता कोणीतरी हे टेबल पाहून, ते त्या फळ्यांचंच आहे असं गावात जाऊन सांगितलं होतं. पंचांनी निरोप धाडला: विठू सुतार बघून येईल. साग निघाला तर नाथाला गावात घेऊ. फळ्यांचं लाकूड निघालं तर वाळीत मरेपर्यंत, शिवाय लेक-जावयाचं नाव पोलिसांत. उघाडीच्या फळ्या किंजळाच्या लाकडाच्या होत्या आणि त्या विठूनेच घडवल्या होत्या. विठू पुढच्या गाडीने येणार होता.

नाथाने टेबल उलटं केलं. खालून पॉलिश नव्हतं. सुरीने थोडं खरवडून नाकाशी नेलं. सागाचा तेलकट वास कुठेच नव्हता. त्याने पुन्हा खरवडलं, पुन्हा हुंगलं. मग वाकून जीभ लावली.

खारट.

तीस वर्षं खाडी प्यालेलं लाकूड. त्याचंच.

"हौसा, कुऱ्हाड आन! चुलीत घालू."

"बाबा, टेबल दिसलं नाय तर ते काय समजतील?" हौसा रडवेली झाली. "दुकानात जाऊन विचारू ना, कोनी इकलं ते."

"दिवाळीनंतर दुकानाला टाळं लागलंय. येताना तिकडूनच आलो." नाथाने कपाळ बडवून घेतलं. "फळ्या माझ्या हातून गेल्या न् निघाल्या माझ्याच लेकीच्या घरात. कोन मानल गो?"

हौसाने ओलं फडकं घेतलं आणि ती जागा घासघासून पुसू लागली. पुसून मीठ जाणार होतं थोडंच! ते पार आत मुरलेलं.

एवढ्यात विठू दारात आला. कोणाशी न बोलता, नाथाकडे न बघता तो थेट उलट्या टेबलापाशी उकिडवा बसला. ओल्या डागावरून त्याने बोट फिरवलं. पिशवीतून पटाशी काढून खरवडलं, हुंगलं. मग जीभ लावली.

नाथाने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

विठूने पटाशी परत पिशवीत ठेवली. हौसाच्या हातातल्या फडक्याकडे त्याने पाहिलं, मग वर्षात पहिल्यांदा नाथाच्या तोंडाकडे.

"तू इकल्या असत्यास तर लेकीच्या घरी ठेवल्या असत्यास व्हय?" तो हळू आवाजात म्हणाला. "पन पंचांना ह्ये पटायचं नाय. साग हाय. मी तसंच सांगतो."

त्याने टेबल सरळ केलं आणि तोंड वाकडं करून ओठ पुसले.

"नाथा, तोंड खारट झालंय रे. तांब्याभर पानी दे."

नाथा उठला. घाईने आणलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी टेबलावरच सांडलं. उरलेलं विठू घटाघटा प्याला आणि रिकामा तांब्या पुढे करून म्हणाला, "आनखी दे."