मूळव्याध म्हणूया

मधोमध भोक असलेली लाल उशी.

लोणच्यासाठी नदीकाठच्या बांबूंवर वाऱ्याला टांगलेले मोहरीच्या देठांचे गड्डे.

औषधाची बाटली, लेबल नखाने खरवडून काढलेलं.

टीव्हीवर इस्पितळाची जाहिरात लागली की घाईने चॅनेल बदलणारा मुलगा.

हे सगळं एकाच घरातलं. घर सूफनबाईंचं, चीनमधल्या फूलिंगजवळ, यांगत्से नदीच्या काठी.

उशी मुलीने, रुईलानने आणली होती. शौचातून रक्त जातंय म्हणून आईला तपासायला तिनेच नेलं; भाऊही सोबत आला. डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे आईला बाकावर बसवून मुलांना आत घेतलं. आतड्याचा कर्करोग.

"आईला नाव कळता कामा नये," थोरला चांगलिन म्हणाला. "माणूस रोगाने नाही, धसक्याने मरतो. मूळव्याध म्हणूया."

रुईलानने मान डोलावली. शहाणी मुलं असंच वागतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

पण मूळव्याधीसाठी कोण पोट फाडून घेतं?

"मी काय सणाचं डुक्कर आहे, कापायला निघालात ते?" सूफनबाई म्हणाल्या. "तुमच्या बापाला तीस वर्षं मूळव्याध होती. उभ्याउभ्या जेवायचा मेला. गेला का कधी डॉक्टरकडे?"

"आई, लवकर केलेलं बरं असतं."

"डॉक्टरला काय, त्याला थोडंच लोणचं घालायचंय? आधी नवं वर्ष, मग गड्डे, मग तुमचं ते."

रुईलानने भावाकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. याहून जास्त बोलायचं तर खरं बोलावं लागलं असतं.

सण झाला. गड्डे सुकले, आणि त्यांच्यासारख्याच सूफनबाईही. एका दुपारी मीठ-तिखट कालवताना त्यांना उभं राहवेना. रुईलानने पातेलं काढून घेतलं.

"आई, मूळव्याध नाहीये. कर्करोग आहे."

"रुई! जीभ झडो तुझी!" चांगलिन दारातून ओरडला.

सूफनबाईंनी तिखटाचे हात फडक्याला पुसले. "कधीपासून माहीत आहे?"

"शेतात गड्डे लावले तेव्हापासून."

"अगं, मग कुजू दिले असते ना मी ते!" त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू मला भित्री समजलास? तुला जन्म दिला तेव्हा घरात सुईणसुद्धा नव्हती."

दुसऱ्या दिवशी स्वतःची पिशवी स्वतः भरून त्या इस्पितळात गेल्या. रोग यकृतात पसरला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. सूफनबाईंना पुढचा उन्हाळा दिसला नाही.

वर्ष सरलं आणि चांगलिनच्या सासऱ्यांना तोच त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी नेहमीसारखी मुलांना खूण केली. सगळे उठले. रुईलान सोबत आली होती, तीही उठली. चांगलिन मात्र म्हाताऱ्याच्या शेजारीच बसून राहिला.

"इथेच बोला, डॉक्टर," तो म्हणाला. "पोट त्यांचं आहे."

सूफनबाईंच्या पहिल्या तपासणीत गाठ जर्दाळूच्या बीएवढी होती; पुढच्याच आठवड्यात काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले होते.